रंग घरच्यांनी सांगायचा

"ध्यान ठीव माय. लय वर्षांखाली एका सिस्टरबाईच्या पावांचा कोळसा केल्ता म्हणं ह्येंनी."

हे माझ्या मागच्या बाकावरून आलं. बोलणारीचा आवाज हळूच होता. पण भट्टीसमोर बसलेली माणसं आगीकडे बघत गप्प होऊन जातात, त्यामुळे हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं. मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्या मांडीवर पत्रा होता, त्यावर ओलं फडकं, आणि फडक्याखाली सहा पाव फुगत होते. मी फडक्याचं एक टोक उगीच सरळ केलं.

ती सिस्टरबाई म्हणजे आमच्या शेजारच्या सुशीलामावशी. पावांचा कोळसा झाला होता, हे खरं आहे. तो भट्टीवाल्यांनी केला नव्हता, हेही खरं आहे, आणि ते फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ख्वाजाचाचा, ही भट्टी ज्यांची ते. दुसरी मी. दहा वर्षांत आम्ही दोघांनीही ते कुणाला सांगितलं नाही. चाचांनी का सांगितलं नाही, हे मला आजही नीट कळत नाही. मी का सांगितलं नाही, ते मात्र कळतं.

परभणीचा डिसेंबर अंगावर येतो. सकाळी नळाचं पाणी दातांना लागतं, गॅसजवळ उभं राहायला सगळ्यांना काम सुचतं, दुपारी उन्हात खुर्ची टाकली की उठवत नाही. बाजारात हरभऱ्याच्या जुड्या येतात, हातगाड्यांवर संत्री रचलेली असतात. पुण्याला नोकरीला लागल्यापासून मला हा महिना तिथं सापडतच नाही. संत्री तिथंही असतात, पण एखाद्या सहकाऱ्यानं टेबलाशी बसून संत्रं सोललं की मी परभणीत पोचते. साल फेकायला निघालेला त्याचा हात धरावासा वाटतो.

कारण मावशी साल फेकू द्यायच्या नाहीत. दिवाळी संपली की त्यांच्या गच्चीवर सुपात संत्र्याच्या साली वाळत पडायच्या. आधी मऊ, मग चामड्यासारख्या, मग बोटानं मोडतील अशा. नाताळ आठवड्यावर आला की त्या साली आणि बडीशेप खलबत्त्यात कुटायचं काम माझ्याकडे असायचं. फार बारीक नाही, दाताखाली आली पाहिजे, असं त्या दरवर्षी सांगायच्या आणि मी दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायचे.

माझी आई झरीच्या शाळेत शिक्षिका, बाबा पूर्ण्याला रेल्वेत. दोघंही दिवेलागणीला घरी यायचे. माझी शाळा दोनला सुटायची. म्हणून दोन ते सहा मी मावशींकडे. त्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या, माझ्या आठवणीत त्या निवृत्तच आहेत. त्यांनी मला कधी 'बोल गं काहीतरी' म्हटलं नाही. बाकी सगळे म्हणायचे. पाहुणे आले की आधी मला इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखवायला लावायचे आणि मी गप्प राहिले की आईकडे बघून हसायचे. मावशींच्या घरात गप्प बसणं हा दोष नव्हता. काका पेपर वाचायचे, मावशी विणायच्या, मी गृहपाठ करायचे. आमच्याकडून बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडे जायची आणि त्यांच्याकडून नाताळचा पाव आमच्याकडे यायचा. पावाच्या वरच्या कवचावर साखरेची पातळ चकाकी असायची. बाबा तो चहात बुडवायचे, आणि हा पाव बुडवून खायचा नसतो म्हणून आई त्यांना रागवायची; हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

त्या पावाचं खमीर भट्टीतून यायचं. खमीर म्हणजे आधल्या दिवशीच्या कणकेचा राखून ठेवलेला आंबट गोळा. चाचांच्या भट्टीत तो त्यांच्या वडिलांपासून चालत आला होता म्हणे, रोज थोडा वापरायचा आणि थोडा उरवायचा. दर डिसेंबरला चाचा मावशींना स्टीलच्या डब्यात लिंबाएवढं खमीर पाठवायचे. डबा घरी आला की तासाभरात झाकण आपोआप वर उचललं जायचं. मी ते बघत बसायचे. मावशी त्यात मैदा, अंडी, तूप, दूध घालून संध्याकाळी कणीक मळायच्या आणि परातीवर काकांची लोकरीची शाल पांघरायच्या. काका म्हणायचे, मला थंडी वाजली तरी चालेल, पाव झोपला पाहिजे.

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पत्रे घेऊन भट्टीवर जायचं. त्याआधी गेलं तर उपयोग नसतो. पहाटेची आग पावाच्या लाद्यांसाठी, ती फार कडक. मग टोस्ट, मग खारी. बाभळीची लाकडं विझून नुसता विटांचा ताव उरला की घरोघरचा माल आत जातो: नानकटाई, बिस्किटं, ईदेला शीरमाल, आणि डिसेंबरात मावशींचा पाव. चाचा लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचे, थोड्या वेळानं दार उघडून एकेक पत्रा तोंडाशी ओढायचे, आणि बाकावर बसलेल्या माणसाकडे बघायचे. त्या माणसानं 'काढा' किंवा 'राहू द्या' म्हणायचं. दुसऱ्याच्या घरच्या मालाचा रंग भट्टीवाला ठरवत नाही. कुणाला फिका आवडतो, कुणाला तांबूस. कुणाच्या कणकेत साखर जास्त असते, ती लवकर रंग धरते. म्हणून घरचं एक माणूस तिथं बसलंच पाहिजे, असा या भट्टीचा नियम. चाचा म्हणायचे, "अपन आग देखते. रंग घरवाले देखते."

त्या वर्षी मी नववीत होते. पावसाळ्याच्या शेवटी काका गेले होते. मावशी नाताळला पाव करणार नाहीत असं सगळे धरून चालले होते, पण त्यांनी साली वाळत घातल्या. चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांचाच पाव वाटला जायचा, कितीतरी वर्षं. यंदाही वाटणार, म्हणाल्या. यांना आवडलं असतं, म्हणाल्या. कणीक मळली, त्यावर तीच शाल पांघरली. शालीला अजून काकांच्या तंबाखूचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे तयार झाले आणि दारात रिक्षा थांबली. जालन्याहून त्यांची नणंद भेटायला आली होती. आल्याआल्या ती रडायला लागली. मावशी तिला सोडून निघू शकत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू बसशील ना? रंग तुला माहीत आहे."

मला माहीत होता. इतक्या वर्षांत मी त्यांच्या शेजारी बसून तो रंग पाहिलेला होता. आमच्या शाळेच्या जुन्या लाकडी बाकांचा होता तसा. मी हो म्हणाले. रिक्षात तीन पत्रे, बारा पाव, आणि मी.

भट्टीवर त्या दिवशी गर्दी होती. लग्नसराई. रुखवताची नानकटाई घेऊन आलेल्या बायका, त्यांच्या सुना, कुणाचे दीर. मी बाकाच्या टोकाला बसले. चाचांनी विचारलं, सिस्टरबाई कुठं. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी पत्रे आत घातले.

शाळेत आम्हाला मराठी बोलायची मनाई होती, वर्गात आणि मैदानावरही. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत जुळायचं. मग ते मराठीत आणायचं. चाचांशी बोलायचं तर आणखी एक पायरी, त्यांच्या दखनीत. तिथवर पोचेपर्यंत समोरचं माणूस दुसरीकडे वळलेलं असायचं. दुकानात, बसमध्ये, सगळीकडे हेच. सवय झाली होती. मी नुसती मान हलवायचे आणि लोक समजून घ्यायचे.

पहिल्यांदा त्यांनी पत्रा ओढला तेव्हा पाव फिके होते. मी मान हलवली, अजून नाही अशी. त्यांना ते कळलं. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा रंग अगदी बरोबर होता. आजही डोळे मिटले तर तो रंग दिसतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, आमची नानकटाई बघा आधी, करपतीय. चाचा तिकडे वळले. जाता जाता त्यांनी आमचा पत्रा परत आत लोटला, मी काही म्हणाले नाही म्हणजे राहू द्या, असं समजून.

मला उठता आलं असतं. चार पावलं होती. एक शब्द होता. मी मनात म्हटलं, आता तिसऱ्यांदा ओढतील तेव्हा सांगू. शब्द तयार करून ठेवला. एवढ्या बायकांमध्ये ओरडायचं कसं. नानकटाईचा एक पत्रा निघाला, दुसरा निघाला, त्यावर कुणाचं तरी कुणाशी भांडण झालं. बडीशेपेचा वास सुटला, घर भरून जातं तसा गोड. मग त्या वासाला धार आली. मग संत्र्याच्या सालीचा कडवट, नाकात बसणारा वास. तो मला ओळखू आला. सगळ्यांच्या आधी मला ओळखू आला. आणि मी बसून राहिले.

चाचांनी घाईनं दार उघडलं तेव्हा बाराच्या बारा पावांची वरची बाजू काळी होती. त्यांनी पावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. "बेटा, बोलना था ना," एवढंच म्हणाले. मग ते स्वतः खाली बसले आणि सुरीनं एकेका पावाचं काळं कवच खरवडायला लागले. बाकीचे लोक थांबले होते. चाचांनी बाराही पाव खरवडले. खाली फरशीवर काळी भुकटी साचली. माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर ती पडली होती, मी घरी जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

घरी मावशींनी फडकं उचललं. जालन्याच्या नणंदबाई शेजारीच होत्या. मावशी म्हणाल्या, "ख्वाजाभाईंचं लक्ष नव्हतं का?"

त्या मला विचारत होत्या. सरळ विचारत होत्या. नणंदबाई म्हणाल्या, आता वय झालं असेल त्याचं, डोळ्याला दिसत नसेल. मी पुन्हा काही म्हणाले नाही. भट्टीवरचं माझं गप्प बसणं मी कधीतरी माफ करू शकेन. लाजाळू मुलगी, गर्दी, धूर, समजण्यासारखं आहे. पण मावशींच्या स्वयंपाकघरात गर्दी नव्हती. तिथं मराठीच बोलायचं होतं. तिथं मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचं उत्तर झालं.

त्या नाताळला चर्चमध्ये बेकरीचा केक वाटला. कुणी विचारलं की मावशी सांगायच्या, भट्टीवाल्यांनी जाळले पाव. रागानं नाही, थकून. पण ऐकणाऱ्यांनी ते पुढं सांगितलं, आणि पुढच्यांनी आणखी पुढं.

ख्वाजाचाचांची दोन्ही मुलं मावशींच्या हातून जन्मली होती. ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि मावशी चाचांना बसवून चहा पाजायच्या, दवाखान्यातल्या जुन्या गोष्टी निघायच्या. पुढच्या ईदेला चाचा आले. मावशींनी डबा फाटकातच घेतला, गुडघ्याचं काहीतरी सांगितलं. चाचा उभे होते. मी आमच्या खिडकीतून पाहत होते. त्यांनी वर पाहिलं असतं तर मी दिसले असते. त्यानंतरच्या वर्षी डबा त्यांच्या मुलाच्या, सलीमच्या हाती आला. मग यायचा थांबला.

मावशींनी घरात विजेचा ओव्हन घेतला. खमिराऐवजी पाकिटातलं यीस्ट. पाव व्हायचा, छान फुगायचा, रंगही यायचा. एक घास खाऊन त्या म्हणायच्या, ठीक आहे. आणि उरलेला पाव ताटलीत तसाच ठेवायच्या.

मी शिकायला बाहेर पडले. दर डिसेंबरला घरी येताना गाडीत ठरवायचे, या वेळी सांगायचं. परभणी स्टेशन येईपर्यंत वाक्यं तयार असायची. इंग्रजीत ती फार सभ्य वाटायची. मावशींसमोर बसलं की त्यातलं एकही त्यांच्याशी बोलण्याच्या भाषेत उतरायचं नाही. त्यांना लागेल, आता कशाला, चाचाही विसरले असतील, अशी कारणं मात्र मला अस्सल मराठीत सुचायची.

शेवटच्या डिसेंबरला त्यांचे हात थरथरायला लागले होते. कणीक मी मळत होते, त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या. दुपारचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. त्या मध्येच म्हणाल्या, ख्वाजाभाईंचं खमीर असतं तर गोष्ट वेगळी होती. मग स्वतःशीच, "चांगला माणूस होता. काय झालं त्यांना त्या दिवशी कोण जाणे."

माझे हात थांबले.

"मावशी," मी म्हणाले.

"काय गं?"

परातीतली कणीक बोटांना धरून होती. त्यांनी वाट पाहिली. खरोखर वाट पाहिली, त्यांना घाई नसायचीच कधी.

"काही नाही. साखर पुरे का?"

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला सुट्टी मिळून पोचेपर्यंत सगळं झालं होतं. त्यांच्या ओट्यावर उरलेल्या साली काचेच्या बरणीत होत्या, झाकणावर त्यांच्या अक्षरात माझं नाव. पुतण्यानं घर बंद करताना ती बरणी आईकडे दिली.

या वर्षी मी सुट्टी घेऊन आले आणि आईला म्हटलं, मी पाव करणार आहे. आईनं पेपर तपासता तपासता मान वर केली. "बरं. रडायचं असंल तर तसंच रड की, मैदा कशाला नासायलीस?" मग थोड्या वेळानं तिनंच मोठी परात माळ्यावरून काढून दिली.

खमीर मागायला मी काल भट्टीवर गेले होते. दहा वर्षांत पहिल्यांदा. आता सलीमभाई भट्टी बघतात. चाचा दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसतात, मफलर गुंडाळून. मी सिस्टरबाईंच्या शेजारची, असं सांगितलं. सलीमभाईंनी वडिलांकडे पाहिलं. चाचांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. हातानं आत खूण केली, दे. सलीमभाईंनी गोळा तोडून डब्यात घातला. नेहमीपेक्षा मोठा. मी काल बोलायला हवं होतं. डबा छातीशी धरून मी धन्यवाद म्हणाले आणि बाहेर पडले.

आणि आज मागच्या बाकावरून ते वाक्य आलं. त्या वयस्क बाईच्या शेजारी एक तरुण मुलगी होती, झरीहून आलेली. बहिणीच्या रुखवताची नानकटाई तिच्याजवळ होती, पत्र्यावर चांदणीच्या आकारात मांडलेली, प्रत्येकीवर चारोळीचा एक दाणा. ती थोडा वेळ चुळबुळली. मग पत्रा उचलून उभी राहिली.

सलीमभाई फळी हातात घेऊन वळले. त्यांनी विचारलं, काय झालं ताई, आता तुमचाच नंबर आहे.

"नको, राहू द्या. बहिनीच्या लगनाचं हाय. स्टँडकडं मशीनची बेकरी हाय म्हणं, तिकडंच जाते."

सलीमभाईंनी तिला थांबवलं नाही. तोंडावरून दिसत होतं की हे त्यांनी आधीही ऐकलेलं आहे, अनेकदा. त्यांनी फळी भिंतीला टेकवली. दाराशी चाचा बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं असं म्हणतात. पण रस्त्याकडे बघायचं सोडून ते स्वतःच्या हातांकडे पाहायला लागले. त्या मुलीला बाहेर पडायचं तर त्यांच्याच खुर्चीला वळसा घालावा लागणार होता. ती दारापर्यंत पोचली.

मी मांडीवरचा पत्रा बाकावर ठेवला आणि उठले. या वेळी वाक्य तयार नव्हतं, कुठल्याच भाषेत नाही. भट्टीतल्या विटा तडतडल्या. बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, फार मोठा. "ते पाव चाचांनी नाही जाळले. त्या दिवशी इथं मी बसले होते. रंग मला दिसत होता आणि मी सांगितला नाही. सिस्टरबाईंनाही नाही सांगितलं, त्या जाईपर्यंत."